तीन लिटर

सकाळी सातला यंत्राला पहिला श्वास
माणसाचा देत नाही मी,
पिचकारीचा देते.
धातूच्या पोटात मावणारी मोजून तीन लिटर हवा,
ना चमचाभर कमी, ना जास्त.
पिचकारीला सर्दी होत नाही.
काल रात्री तिच्या घरी ओलं लाकूड जळत नव्हतं.

जुलै म्हणजे इथला कडाका.
कोयाइके अजून धुराखाली झोपलंय,
खिडकीतून नदी नाही, डोंगर नाही,
फक्त छपराछपरावर एकेक नळकांडं
आणि नळकांड्यातून कुणाकुणाची ऊब
बाहेर पडून तिथेच रेंगाळलेली.
वारा सुटेपर्यंत ती कुठे जायची नाही.

आठला एलियासेर येतो.
सव्वीस वर्षांचा. ओंडके फोडून फोडून
खांदे दाराच्या चौकटीएवढे.
"मला काही झालेलं नाही," टोपी काढता काढताच सांगतो.
ठाऊक आहे बाबा, म्हणून तर बोलावलंय.
ज्यांना झालंय ते खालच्या मजल्यावर,
नाकात नळी, मागे चाकांवरचं सिलिंडर.
त्यांचं मोजायला आम्ही उशीर केला.

नाकाला चिमटा. ओठ घट्ट.
भर, भर, अजून भर,
आता सोड!
फू नाही रे, वाढदिवसाची मेणबत्ती नाही ही,
दार उघड आणि घरातलं सगळं सामान बाहेर फेक,
थांबू नकोस, आहे, अजून आहे, आहे, आहे…
मी ओरडते, हात नाचवते, त्याच्याबरोबर कमरेत वाकते.
भिंतीपलीकडची दंतवैद्य फ्रेसिया म्हणते,
तुझ्या खोलीत रोज आठ-दहा बाळंतपणं होतात.

पडद्यावर टेकडी उगवते.
उभा चढ, मग लांब उतार,
उताराला जराशी खळगी,
कुणी चमच्याने चाखून पाहिल्यासारखी.
"पास?"
अजून दोनदा, मी म्हणते.
खळगीबद्दल मी बोलायचं नाही, नियम आहे,
आणि एका खळगीचा काही आजार होत नाही.
पंचविशीपर्यंत छाती वाढते,
मग सगळ्यांचीच उतरणीला लागते.
कोण किती उंचीवरून निघालं, एवढंच शोधतोय आम्ही.
पाच वर्षांनी पुन्हा ये.
नंबर बदललास तर कळव.
नाहीतर असं कर, आईचाही लिहून दे.

शुक्रवारी यंत्राला एक धडधाकट माणूस लागतो,
खरं-खोटं पडताळायला.
तो माणूस मी.
वय एकतीस, सिगारेट नाही, दमा नाही,
निळ्या वहीत माझी रांग:
मार्च, तीन पूर्णांक बासष्ट.
एप्रिल, साठ.
जून, सत्तेचाळीस.
आज एक्केचाळीस.

यंत्र बिघडलं असणार.
मी पिचकारी जोडली, दट्ट्या दाबला.
तीन लिटर.
पुन्हा दाबला, सावकाश.
तीन लिटर.
मग जोरात, रागाने.
तीन.

संध्याकाळी घरी आई शेगडीपुढे बसलेली,
डोळ्यांना पदर लावावा तसा ॲप्रन लावून.
"ओलंच टाकून गेला मेला या खेपेला.
यास्ना, तू घाल गं फुंकर,
तुझ्यात दम आहे."

कोरडं लाकूड महाग, वीज त्याहून महाग,
हे आमचं भांडण जुनं आहे, आज नको.
मी गुडघ्यांवर बसते.
भर, भर, अजून भर…
आणि सोडताना ऐकू येतो माझाच आवाज,
दिवसभर लोकांवर ओरडून बसलेला:
आहे, अजून आहे.

चौथ्या सेकंदाला निखारा लाल झाला.
सहापर्यंत मोजायची सवय.
पाचव्याला मला खोकला आला,
आई म्हणाली, पाणी पी,
आणि शेगडीचं दार तिने लोटून घेतलं.